ड्यूटीच्या वहीतलं नाव : एका निवृत्त हवालदाराच्या उपचाराचं प्रकरण

हे प्रकरण पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावचं आहे, आघातोत्तर तणावाचं (पीटीएसडी), म्हणजे जीवावरच्या प्रसंगानंतर मनात घर करून राहिलेल्या त्रासाचं. ओळख पटू नये म्हणून वय, हुद्दा, घरची माणसं आणि घटनांचे तपशील बदलले आहेत. काही गोष्टी अशाच दुसऱ्या प्रकरणांतून इथे आणल्या आहेत. त्रास मोजणाऱ्या प्रश्नावल्यांवरचे आकडे त्या मिश्रणाचेच आहेत, तेव्हा ते उदाहरणापुरते वाचावेत. उपचारातल्या चुका मात्र झाकलेल्या नाहीत. हे सगळं लिहायचं कारणच त्या आहेत.

पार्श्वभूमी

त्यांना इथे हवालदार एवढंच म्हणू. वय ४६. चोवीस वर्षं फौजेत, त्यातल्या दोन टेन्युअर, म्हणजे ठराविक मुदतीच्या नेमणुका, राष्ट्रीय रायफल्स या दहशतवादविरोधी दलाबरोबर काश्मीर खोऱ्यात. तीन वर्षांपूर्वी पेन्शनवर आले. घरात बायको, बारावीतली मुलगी, आठवीतला मुलगा आणि सत्तरीची आई. धाकटा भाऊ शेजारच्या घरात. दीड एकर ऊस. पेन्शन सुरू झाल्यावर एका बँकेत बंदूकधारी रखवालदाराची नोकरी धरली, बंदूक स्वतःच्या परवान्याची, बारा बोअर.

नोकरीत असताना त्यांनी मनाच्या त्रासाबद्दल कधी तोंड उघडलं नाही, आणि ते समजण्यासारखं आहे. फौजेतल्या वैद्यकीय श्रेणीत, म्हणजे ‘शेप’मध्ये, पहिलं अक्षर ‘एस’ मनाच्या स्थितीचं असतं. ते खाली गेलं की माणूस ‘लो मेडिकल कॅटेगरी’त जातो. प्रमोशन, कोर्स, पोस्टिंग सगळ्यावर त्याचा परिणाम होतो, आणि पलटणीत लपत तर काहीच नाही. गावी आल्यावरही तेच. सातारा जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरीसारखी गावं आहेत, जिथे घरटी एक फौजी. अशा मुलखात ‘मेजर मेंटलच्या डॉक्टरकडे जातो’ ही बातमी संध्याकाळपर्यंत पारावर पोचते.

म्हणून ते आधी माजी सैनिकांच्या पॉलिक्लिनिकमध्ये ॲसिडिटी आणि झोपेची तक्रार घेऊन गेले. गावातल्या डॉक्टरकडून क्लोनाझेपामची, मन शांत करून झोप आणणारी, गोळी वर्षभर चालू होती, रोज रात्री १ मिलिग्रॅम. आईच्या आग्रहाने एका देवऋषीकडेही फेऱ्या झाल्या. दिवाळीत शेजारच्या पोराने सुतळी बॉम्ब लावला, हवालदारांनी त्याला भिंतीवर दाबून धरलं आणि गळा सोडवायला तिघे लागले. त्यानंतर भावाने त्यांना समुपदेशन केंद्रात आणलं.

पहिल्या दोन भेटींत काय दिसलं

पीसीएल-५ ही वीस प्रश्नांची यादी भरून घेतली. एकूण गुण ८०, आणि साधारण ३१ ते ३३ च्या वर गेलं की आघातोत्तर तणावाचा संशय पक्का धरून पुढची सविस्तर मुलाखत घ्यायची. हवालदारांचे गुण ५८. नैराश्याच्या पीएचक्यू-९ वर २७ पैकी १७. दारूच्या ऑडिट चाचणीत ४० पैकी १९. रोजची दारू दीड क्वार्टर, रम. १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये ४२.८ टक्क्यांच्या हिशेबाने सुमारे ६० ग्रॅम अल्कोहोल असतं, म्हणजे रोज नव्वद ग्रॅम पोटात जात होतं, आणि वर क्लोनाझेपाम.

मरावंसं वाटतं का, हे आडून न विचारता सरळ विचारलं. ‘स्वतःहून काही करणार नाही, पण सकाळी उठलो नाही तर बरं,’ असं उत्तर आलं. आता घरात बंदूक असलेल्या माणसाकडून एवढं उत्तर आलं तरी पुष्कळ झालं. बंदूक परवानाधारक विक्रेत्याकडे सुरक्षित ठेवीत गेली, पावती भावाकडे. बँकेची नोकरी तेव्हाच सुटली. बंदुकीकडे सगळ्यांचं लक्ष जातं, पण ग्रामीण महाराष्ट्रात घरातली दुसरी धोक्याची वस्तू म्हणजे शेतातलं औषध. गोठ्यात तणनाशक आणि कीटकनाशकाचे चार डबे होते. ते पत्र्याच्या पेटीत कुलूपबंद झाले, किल्ली भावाकडे. जास्त त्रास झाला तर कुणाला फोन करायचा ते एका कागदावर लिहिलं: भाऊ, एक जुना पलटणवाला, केंद्र आणि टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६. तो कागद पाकिटात, पेन्शनच्या कार्डामागे.

आणखी एक बाब पहिल्याच भेटीत स्पष्ट केली. थेरपी करणारी व्यक्ती पेन्शनच्या दाव्यासाठी दाखले लिहिणार नाही, ते काम वेगळ्या डॉक्टरचं. हे आधी सांगितलं नाही तर पुढे गुण खाली येऊ लागले की, दावा कमजोर होईल या विचाराने, रुग्णाच्या मनात नसती आडकाठी उभी राहते.

डावा कान जवळजवळ बंद होता. थेरपिस्ट पहिल्या भेटीत डावीकडे बसली होती आणि निम्मे प्रश्न त्यांना ऐकूच गेले नव्हते. ‘उत्तरं टाळतात’ अशी तेव्हा केलेली नोंद नंतर खोडावी लागली. खुर्ची भिंतीला पाठ लागेल आणि दार दिसेल अशी हलवली, दाराला आतून कडी लावायची नाही असं ठरलं.

समोरचे पर्याय

पहिला प्रश्न दारूचा. ‘आधी सहा महिने दारू सोडा, मग बोलू’ ही पद्धत अजून बऱ्याच ठिकाणी चालते. व्यवहारात तो माणूस परत येत नाही, कारण ज्या रात्री विसरायला तो पितो त्या रात्री तशाच राहतात. दोन्ही उपचार बरोबरीने चालवता येतात, हे आता पुरेसं तपासलेलं आहे. पण रोज नव्वद ग्रॅम पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम बंद करणं धोक्याचं: फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो. म्हणून आधी नऊ दिवस रुग्णालयात, देखरेखीखाली, थायमिनसह (बी-१ जीवनसत्त्व). मानसोपचारतज्ज्ञांनी सर्ट्रालिन हे नैराश्य आणि आघातोत्तर तणावावरचं औषध ५० मिलिग्रॅमने सुरू केलं आणि पुढे १५० पर्यंत नेलं. क्लोनाझेपाम दर दोन आठवड्यांनी पाव मिलिग्रॅमने उतरवत आठ आठवड्यांत बंद केलं. ही गोळी आघातोत्तर तणावात उपयोगी नाही. उलट, भीतीला सामोरं जाऊन मेंदूने जे शिकायचं त्यातच ती आडवी येते.

दुसरा प्रश्न थेरपीचा. अमेरिकेत व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांच्या रेट्यामुळे १९८० साली या आजाराला अधिकृत नाव मिळालं. तिथल्या माजी सैनिक विभागाच्या आणि संरक्षण खात्याच्या २०२३ च्या मार्गदर्शिकेत तीन बोलण्याच्या उपचारांना औषधांच्या आधी स्थान आहे. प्रोलाँग्ड एक्स्पोजर, म्हणजे आठवण पुन्हा पुन्हा, सविस्तर, वर्तमानकाळात सांगणं आणि टाळलेल्या जागी पायरीपायरीने जाणं: ८ ते १५ सत्रं, शक्यतो ९० मिनिटांची. कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी, म्हणजे त्या घटनेतून मनात घट्ट बसलेले निष्कर्ष लिहून तपासणं: साधारण १२ सत्रं. आणि ईएमडीआर, म्हणजे आठवण मनात धरून डोळे दोन्ही बाजूंना हलवत करायचा उपचार. तिसऱ्यासाठी दर आठवड्याला पुण्याला जावं लागलं असतं, तेव्हा तो प्रश्न मिटला.

उरलेल्या दोनांत प्रोलाँग्ड एक्स्पोजर निवडलं, आणि त्यामागची कारणं कागदावर बरोबर होती. हवालदारांचा त्रास भीतीचा दिसत होता. फटाके, मोकळे रस्ते, गर्दी. लिहिण्याचा कंटाळा होता. आणि घटनाही हाताशी होती: पहिल्या टेन्युअरमध्ये गाडीखाली झालेला आयईडीचा, म्हणजे पेरून ठेवलेल्या बॉम्बचा, स्फोट, ज्यात ते दहा फूट उडाले आणि कान गेला.

‘सगळ्यात वाईट काय घडलं?’ असं विचारल्यावर त्यांनी तो स्फोट सांगितला. टीमने तो घेतला. इथेच चुकलं.

पहिली सहा सत्रं

आजार समजावताना नेहमीची उदाहरणं चालली नाहीत. पाण्याच्या मोटरचं चाललं. स्टार्टरचा ओव्हरलोड रिले फार खाली सेट झाला की मोटरला काही झालेलं नसताना, जरा लोड वाढला तरी ट्रिप होतो. मोटर बदलायची गरज नसते, सेटिंग वर आणायचं असतं. ‘म्हणजे माझा रिले गंडलाय,’ ते म्हणाले, आणि पुढे सगळीकडे हाच शब्द वापरला गेला.

टाळलेल्या जागांची यादी झाली, प्रत्येकीपुढे त्रासाचा आकडा, ० ते १००. एसटी स्टँडवर गर्दीकडे पाठ करून दहा मिनिटं उभं राहणं: ३५. भावाबरोबर उसाच्या फडातल्या पाऊलवाटेने दुपारी चारला चालणं: ५५. तीच वाट एकट्याने: ७०. पन्नास मीटरवर लवंगी माळ: ७५. नियम असा की त्रास निम्म्यावर येईपर्यंत किंवा निदान पाऊण तास तिथून हलायचं नाही. खरोखर धोक्याची कुठलीही गोष्ट यादीत घ्यायची नाही.

एक अडचण पुस्तकात सापडत नाही. जानेवारीत ऊसतोड टोळी आली आणि यादीतला फड चार दिवसांत मोकळा झाला. सराव अर्धवट राहिला. ओढ्यापलीकडे एका नातेवाइकाचा आडसाली ऊस अजून उभा होता, त्याची परवानगी घेऊन वाट बदलली. असा सराव आखताना हंगामाचं कॅलेंडर समोर हवं.

प्रत्येक सत्रात चाळीस मिनिटं डोळे मिटून स्फोटाची घटना सांगणं, दर पाच मिनिटांनी आकडा. त्याचं रेकॉर्डिंग मोबाइलवर, रोज एकदा ऐकायचं. रेकॉर्डिंगमध्ये गावाचं नाव, युनिटचा नंबर, तारीख घ्यायची नाही. फोन मुलगाही हाताळतो, आणि गोपनीयतेचा कायदा पेन्शनीनंतरही लागू असतो. ऐकायचं कुठे, हा पुढचा प्रश्न. तीन खोल्यांच्या घरात जागा नाही, म्हणून मळ्यातली मोटरची खोली ठरली. कानात इअरफोन, रोज ठराविक वेळी एकटाच तासभर मळ्यात. आठवडाभरात बायकोच्या मनात भलताच संशय आला. तिला आधीच सांगायला हवं होतं, हे त्या दिवशीच्या भांडणावरून कळलं.

आकडे मात्र झकास उतरत होते. पहिल्या कथनात ८० वरून ४५, चौथ्यात ७० वरून २०. कथन सफाईदार, कुठे अडखळणं नाही. थेरपिस्टच्या नोंदीत ‘उत्तम प्रगती’ असा शेरा आहे. पण पीसीएल-५ चे गुण ५८ वरून फक्त ५३ वर आले होते. दहा गुणांचा फरक पडला तरच तो खऱ्या अर्थाने फरक मानायचा, पाच गुण नुसती हवा. रात्री तशाच होत्या. एका सत्रातला आराम आणि एकूण सुधारणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सहा सत्रं दुसरीकडे दुर्लक्ष करून पहिलीवर समाधान मानलं गेलं.

मागे वळून पाहिलं तर खुणा पहिल्यापासून समोर होत्या. केंद्रात नोंदणी बघणाऱ्या एका माजी सैनिकाने त्यांना आपुलकीने ‘या उस्ताद’ म्हटलं, तर ते तसेच बाहेर जाऊन वीस मिनिटं गाडीवर बसून राहिले. बँकेत हजेरीच्या वहीत दुसऱ्या रखवालदाराचं नाव लिहायला त्यांनी साफ नकार दिला होता, त्यावरून तिथे वादही झाला होता. घरी ते आईबरोबर जेवायला बसत नव्हते. ती आत आली की ताट घेऊन ओट्यावर. हे ‘घरगुती कुरबुरी’ या सदरात टाकलं गेलं. आणि उसाची भीती! सुतळी बॉम्ब स्फोटाशी जुळतो. सळसळणारा ऊस गाडीखालच्या स्फोटाशी कसा जुळतो, हे कुणी विचारलंच नाही.

सातवं सत्र

गुण हलत नाहीत म्हणून सातव्या सत्रात, हवालदारांच्या संमतीने, बायकोला बोलावलं. झोपेत काय बोलतात, या प्रश्नावर ती म्हणाली, ‘हिंदीत बोलतात. लिख दिया, लिख दिया म्हणतात. कधी कधी हात असा चालतो, लिहिल्यावानी.’

हवालदार बराच वेळ गप्प होते. मग बायकोला बाहेर बसायला सांगितलं आणि जे सांगितलं ते हिंदीत.

दुसरा टेन्युअर, ऑक्टोबर. रोड ओपनिंग पार्टी, म्हणजे फौजेच्या गाड्या जाण्याआधी रस्ता तपासून त्यावर पहारा ठेवणारी तुकडी. पॉइंट तीनवर त्या दिवशी स्वतः हवालदारांची ड्यूटी. घरी आईचं ऑपरेशन होतं, दहा वाजता कॅम्पातून फोन लावायचा होता. पहाटे साडेपाचला त्यांनी डिटेलच्या, म्हणजे ड्यूटी वाटपाच्या, वहीत स्वतःचं नाव खोडलं आणि हाताखालच्या एका लान्स नायकाचं लिहिलं. उत्तरेकडचा पोरगा, त्यांना उस्ताद म्हणायचा. पॉइंट तीन आरामाचा समजला जायचा: अक्रोडाची सावली, मागे सफरचंदाची बाग. दुपारी साडेबाराला त्या बागेतून गोळीबार झाला. आईचं ऑपरेशन व्यवस्थित पार पडलं.

या कथनात त्रासाचा आकडा ९५ वर गेला आणि सत्र संपेपर्यंत ८५ च्या खाली आला नाही. स्फोट त्यांनी मराठीत सांगितला होता, अहवाल वाचावा तसा. ही घटना वायरलेसवर, वहीत आणि त्या पोराच्या तोंडी हिंदीत घडली होती. मिश्र पलटणीत आयुष्य गेलेल्या माणसाच्या आठवणी ज्या भाषेत साठल्यात त्याच भाषेत उघडतात. पुढे कथनाची भाषा हिंदी आणि विचार तपासायची मराठी, असा प्रघात पडला. थेरपिस्टचं हिंदी बेताचं होतं, ते चाललं.

नव्या घटनेला धरून पीसीएल-५ पुन्हा भरलं. गुण ६६. हे बिघडणं नव्हे. यादीतले प्रश्न एका ठराविक घटनेविषयी असतात, घटना बदलली की जुन्या गुणांशी तुलना संपते. तक्त्यावर तिथे उभी रेघ मारून नव्याने सुरुवात केली.

दिशा बदलल्यावर

नवी घटना घेऊन तीच पद्धत पुढे चालवता आली असती. अपराधभावावरही तिचा उपयोग होतो. पण इथे रात्र जागवणारी भीती नव्हती, एक वाक्य होतं: ‘मी लिहिलं म्हणून तो गेला.’ वाक्य तपासायचं तर कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी जास्त सरळ, म्हणून आठव्या सत्रापासून ती धरली. फडातला आणि स्टँडवरचा सराव तसाच चालू ठेवला.

पहिलं काम असतं घटनेचा आपल्यावर झालेला परिणाम एका पानात लिहून आणणं. हवालदारांनी आणलेलं पान असं सुरू होत होतं: ‘मी हवालदार अमुक, बयान देतो की’. कोर्ट ऑफ इन्क्वायरीत, म्हणजे फौजेतल्या चौकशीत, दिलेल्या जबाबाचाच साचा. त्यात वेळा होत्या, अंतरं होती, स्वतः कुठेच नव्हते. फौजींच्या बाबतीत हे वारंवार घडतं. दुसऱ्यांदा लिहायला सांगताना सूचना बदलली: तारीख नको, हुद्दा नको, आणि निदान तीन वाक्यं ‘मला वाटतं’ने संपली पाहिजेत. मग पान आलं. त्यात एक ओळ होती, ‘आईकडं बघितलं की मला हिशोब आठवतो असं मला वाटतं.’

कागदी तक्त्यांऐवजी शाळेची रेघी वही वापरली. तीन रकाने: काय झालं, मनात काय आलं, कसं वाटलं. न सुटणाऱ्या विचारांना त्यांनीच ‘जाम’ हे नाव दिलं, बंदूक जाम होते तसं.

दहाव्या सत्रात घसरगुंडी झाली. ते रडत होते, आणि थेरपिस्ट म्हणून गेली, ‘पण यात तुमची चूक नव्हती.’ हवालदारांनी मान हलवली, आभार मानले, उरलेली वीस मिनिटं प्रत्येक प्रश्नाला ‘हो’ म्हणाले. पुढच्या आठवड्यात आले नाहीत. भावाकडून कळलं की दोन रात्री दारू झाली, दोन महिन्यांनंतर पहिल्यांदा.

फोन करून त्यांना पुन्हा बोलावलं. आधी माफी, मग प्रश्न: ‘तुमची चूक नव्हती असं आजवर किती जणांनी सांगितलं?’ त्यांनी बोटांवर मोजले. कमांडिंग ऑफिसर, सुभेदार साहेब, पलटणीचे पंडितजी, चौकशीतले अधिकारी दोन, त्या जवानाचा मोठा भाऊ. आणि थेरपिस्ट सातवी. सहा जणांकडून ऐकून अकरा वर्षांत ज्याला पटलं नाही त्याला सातव्याने तेच सांगून पटणार नाही. असं सांगणं म्हणजे ‘हा विषय आता बंद’ असंच त्याला ऐकू येतं. या पद्धतीत उत्तर रुग्णाच्या तोंडून यावं लागतं, थेरपिस्टने फक्त नेमके प्रश्न विचारायचे.

त्या दिवशी वहीत उभी रेघ मारून दोन बाजू केल्या. डावीकडे पहाटे साडेपाचला माहीत असलेल्या गोष्टी, उजवीकडे साडेबारानंतर कळलेल्या. एकही गोष्ट चुकीच्या बाजूला जाऊ द्यायची नाही, हा एकच नियम. डावीकडे सहा ओळी झाल्या. त्यातली तिसरी: पॉइंट तीन सगळ्यात सोपा. पाचवी: पोराच्या पायाला फोड, त्याला सावलीत बसायला मिळेल. उजवीकडे चौदा ओळी. लिहून झाल्यावर त्यांनी स्वतःहून पाचव्या ओळीखाली रेघ ओढली आणि म्हणाले, ‘हे मी विसरलो होतो. त्याला सोपा पॉइंट दिला होता मी.’

त्यानंतर तीन शब्दांचे अर्थ वेगळे केले गेले. दोष तेव्हा, जेव्हा इजा व्हावी असा हेतू असतो. जबाबदारी म्हणजे त्या घडामोडीत आपलाही हात होता. आणि उरलेलं ते कुणालाच दिसण्यासारखं नव्हतं. ‘मी मारलं’ ते ‘माझ्या हाताने नाव लिहिलं गेलं, आणि गोळी दुसऱ्याने घातली’ एवढं अंतर कापायला पाच सत्रं लागली.

इथे एक ठिकाणी थांबावं लागतं, आणि बरेच जण थांबत नाहीत. ड्यूटी बदलली ती स्वतःच्या सोयीसाठी, हे खरं होतं. तो ‘जाम’ विचार नव्हता, वस्तुस्थिती होती. ती खोडायला गेलं की माणसाला आपण त्याच्या सदसद्विवेकालाच आजार म्हणतोय असं वाटतं. ते दुःख तपासायचं नाही, सोबत करायची. सतराव्या सत्रात त्यांनी त्या जवानाला हिंदीत पत्र लिहून मोठ्याने वाचलं, रिकाम्या खुर्चीकडे बघून. अठराव्यात त्याच खुर्चीतून तो काय म्हणेल ते बोलायला सांगितलं. बराच वेळ शब्द फुटेना, मग एवढंच, ‘उस्ताद, माँ जी कैसी हैं?’

निकाल

एकूण २१ सत्रं, डिसेंबरच्या मध्यापासून सात महिने. नव्या घटनेवरचे पीसीएल-५ गुण ६६, ६४, ४७, ३१ असे उतरत अखेर २८. दोन महिन्यांनी पुन्हा घेतले तर ३०. पीएचक्यू-९ वर ८. ऑडिट पुन्हा घेतली नाही. तिचे बरेचसे प्रश्न मागच्या वर्षभराविषयी असतात, सात महिन्यांत ती भरून सुधारणा दाखवणं ही स्वतःची फसवणूक. त्याऐवजी रोजची नोंदवही पाहिली: शेवटच्या नव्वद दिवसांत चार दिवस दारू, एकदाही क्वार्टरच्या वर नाही. दारू पूर्ण सुटावी हा सल्ला कायम आहे.

झोप पाच तासांची. मोठा आवाज झाला की आजही ते खाली वाकतात, पण सावरायला पूर्वी अर्धा दिवस जायचा, आता दोन-चार मिनिटं. साखर कारखान्यावर काट्याच्या ठिकाणी दिवसपाळीची हंगामी नोकरी बोलून ठेवली आहे, बंदुकीविना. मुलगी अजून त्यांच्याशी मोजकंच बोलते. ते या उपचारात आलंच नाही. आईबरोबर जेवण मे महिन्यात सुरू झालं. आईला कारण माहीत नाही, आणि सांगायचं नाही असं त्यांनी ठरवलं आहे.

वेगळं काय करता आलं असतं

घटना निवडताना ‘सगळ्यात वाईट काय’ या प्रश्नावर विसंबायला नको होतं. फौजी माणूस त्याचं उत्तर धोक्याच्या मापाने देतो. ‘कुठली आठवण येऊ नये म्हणून तुम्ही सगळ्यात जास्त धडपडता?’ आणि ‘कुठल्या गोष्टीबद्दल स्वतःला माफ केलं नाही?’ हे दोन प्रश्न पहिल्याच भेटीत विचारले असते तर सहा सत्रं वाचली असती. कदाचित तेव्हा त्यांनी सांगितलंही नसतं, ही शक्यता आहेच. स्फोटावरच्या त्या सहा सत्रांत विश्वास बसला, म्हणून सातव्यात तोंड उघडलं, असं टीममधल्या एकीचं म्हणणं आहे. तरीही यादीतल्या प्रत्येक टाळलेल्या गोष्टीपुढे ‘हे त्या घटनेशी कसं जोडलंय?’ हा रकाना हवाच होता. ऊस तिथेच अडला असता.

बायकोला सातव्या सत्रापर्यंत बाहेर ठेवणं ही दुसरी चूक. गोपनीयता पाळायची म्हणजे घरच्यांकडून माहिती घ्यायची नाही, असा अर्थ टीमने काढला होता. संमती घेऊन पहिल्या-दुसऱ्या भेटीतच तिला झोपेबद्दल विचारता आलं असतं, आणि मोटरच्या खोलीचं भांडणही टळलं असतं.

चौथ्या सत्राला गुण हलले नाहीत तर थांबून निदान, घटना आणि पद्धत तिन्ही पुन्हा तपासायचं, असा नियम आता केंद्रात लिहून लावला आहे. सहाव्यापर्यंत वाट बघायची नाही.

एका बाबतीत अजून मतभेद आहेत. सर्वपित्री अमावास्येला त्या जवानाच्या नावाने पान वाढायचं हवालदारांनी मनाशी धरलं आहे. त्याच्या घरी फोन करायचं मात्र ठरत नाही. नंबर वहीच्या शेवटच्या पानावर आहे. टीममधल्या काहींना वाटतं की फोन हा सरावाचा शेवटचा टप्पा धरून करून घ्यावा. दुसऱ्यांचं म्हणणं, पलीकडे त्याची आई आहे, आणि तिच्या घराला आपल्या उपचाराची पायरी करण्याचा कुणाला हक्क नाही. सध्या दुसरं मत चालू आहे. घटनेचा ऑक्टोबर आणि दिवाळी, दोन्ही पाठोपाठ येतात, म्हणून सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात एक जादा सत्र ठेवलं आहे. भावाला सोबत यायला सांगितलं आहे, आणि पेटीची किल्ली तूर्त त्याच्याकडेच राहील.